सुई-चाकूविना रक्तवाहिन्यांची परीक्षा : कोठून सुरुवात करावी, कोठे थांबावे

दोन वर्षांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका तपासणी केंद्रात माझ्या बोटाला चिमटा लावण्यात आला. दोन मिनिटांनी यंत्रातून कागद बाहेर आला आणि त्यावर माझ्या रक्तवाहिन्यांचे वय ६६ वर्षे असल्याचे छापलेले होते. माझे स्वतःचे वय तेव्हा ५३ होते. बसथांब्यापासून भर उन्हातून चालत आल्यावर मला वातानुकूलित खोलीत जेमतेम पाच मिनिटे बसवले होते, बोटे गार पडली होती आणि वाट पाहताना मी एक कटिंग चहाही घेतला होता. पण यांतले काहीच कोणी विचारले नाही. तीन आठवड्यांनी त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्राने, शांत बसून आणि उपाशीपोटी, ५१ हा आकडा दिला. कोणतेही औषध न घेता मी पंधरा वर्षांनी तरुण झालो होतो. दोन्ही कागद घेऊन नौपाड्यातील आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बावीस पानांचा अहवाल बाजूला सारून तीनच प्रश्न विचारले : बीपी दोन्ही हातांचा घेतला होता का, पोटाचा घेर किती आहे, आणि वडिलांना पहिला झटका कोणत्या वयात आला. अहवालात यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

त्यानंतर डॉक्टरांकडून शिकून घेऊन मी पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी सकाळी शेजाऱ्यांचे बीपी आणि पोटाचे घेर मोजू लागलो. मी डॉक्टर नाही. हे टिपण, ज्यांना सध्या काही त्रास नाही परंतु हृदयाची धास्ती आहे अशा चाळिशीपुढच्या माणसाने कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, त्या करताना चुका कोठे होतात आणि आकड्यांचा अर्थ कसा लावावा, यापुरते आहे. छातीत दाब किंवा जळजळ, घामासह अस्वस्थता, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात उमटणारी कळ यांपैकी काही होत असेल तर हे वाचत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गॅस झाला असेल म्हणून ओवा खाऊन वाट पाहण्यात जो वेळ जातो, तो हृदयाच्या स्नायूंच्या हिशेबात फार महाग पडतो.

आपण नेमके काय मोजणार आहोत

शाळेत ज्यांना आपण रोहिणी म्हणून शिकलो त्या धमन्यांचे बिघाड चार प्रकारांनी मोजता येतात, आणि एका प्रकाराची तपासणी दुसऱ्याबद्दल बहुधा काही सांगत नाही. पहिला बिघाड आतल्या नाजूक अस्तराचा : गरज पडेल तेव्हा धमनी पसरावी म्हणून हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि ते थकले की धमनी पसरण्याचे विसरते. दुसरा, भिंत ताठर होण्याचा. तिसरा, भिंतीत चरबी आणि चुना साचून थर बनण्याचा, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. चौथा, तो थर वाढून मार्ग प्रत्यक्ष अरुंद होण्याचा. लोक ‘ब्लॉकेज’ म्हणतात ते फक्त चौथे. हृदयविकाराचे पुष्कळ झटके मात्र मार्ग फारसा अरुंद नसताना, तिसऱ्या अवस्थेतला थर अचानक फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्याने येतात, आणि म्हणूनच ‘परवाच सगळे रिपोर्ट नॉर्मल होते हो’ हे वाक्य आपल्याला अनेक घरांत ऐकू येते.

पहिली पायरी : बीपी, पण रीतसर

सर्वांत स्वस्त, सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने होणारी तपासणी हीच. तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारून आलेला माणूस फुटपाथवर मांडलेल्या टेबलाशी उभ्या-उभ्या हात पुढे करतो आणि पलीकडचा माणूस टी-शर्टच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो. तिथे मिळालेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकेल अशा खुर्चीत, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर अशा उंचीला ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल, कारण हात १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळे आकडा सात-आठ मिलिमीटरने (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधावा; बाही वर सरकवल्याने दंड आवळला जात असेल, आणि ब्लाउजच्या बाबतीत हे हमखास होते, तर सैल कपडा घालून बसावे. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा : यंत्रासोबत मिळणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी नसलेला माणूसही बीपीचा रुग्ण ठरतो. मनगटावरची यंत्रे शक्यतो घेऊ नयेत. दंडावरचे यंत्र घेतानाही त्या मॉडेलची अचूकता तपासली गेली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय यादीत पाहून घ्यावे.

मागच्या पावसाळ्यातला एक रविवार सांगतो. तळमजल्यावरच्या काकू आल्या त्या लिफ्ट बंद पडल्याची तक्रार करतच. बोलता बोलता घेतलेला वरचा आकडा १६२ आला. “काकू, आता पाच मिनिटे एक अक्षरही बोलायचे नाही,” असे म्हणून मी भिंतीवरचे घड्याळ दाखवले. “अरे पण त्या लिफ्टवाल्याला फोन कोण—” इतके म्हणून त्या थांबल्या. पाच मिनिटांनी १४८ आला, एक मिनिट सोडून १४२ आणि पुढचा १४०. काकू त्याच, हात तोच आणि यंत्रही तेच, पण पहिला आकडा धरला असता तर त्यांना त्याच दिवशी गोळीची चिठ्ठी मिळाली असती. अर्थात १४० हाही काही दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नव्हे, म्हणून त्यांना आठवड्याचे वेळापत्रक लावून दिले.

ते वेळापत्रक असे. सलग सात दिवस, सकाळी उठल्यावर चहाच्या आणि चालू असलेल्या गोळीच्या आधी दोनदा, आणि रात्री जेवणापूर्वी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून मोजावे आणि आलेला प्रत्येक आकडा, आवडो न आवडो, वहीत लिहावा. पहिल्या दिवसाचे चार आकडे खोडून टाकावेत, कारण नव्या यंत्राची धास्ती त्यांत उतरलेली असते. उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढावी. घरी घेतलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर तो उच्च रक्तदाब समजला जातो. दवाखान्यात घेतलेल्या आकड्यांसाठी आपल्याकडे १४०/९० ही रेषा वापरतात. दवाखान्यात चढणारा आणि घरी उतरणारा बीपी सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या उलट, डॉक्टरांपुढे शहाण्यासारखा वागणारा आणि घरी किंवा कामावर चढणारा बीपी अधिक फसवा असतो, आणि तो या वहीशिवाय किंवा दंडाला २४ तास यंत्र बांधून घेतल्याशिवाय सापडत नाही. या २४ तासांच्या नोंदीत झोपेतला बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली उतरलेला दिसायला हवा. तो उतरतच नसेल तर डॉक्टर घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि मूत्रपिंडाचे आजार यांकडे वळतात. नवी मुंबईच्या कंपन्यांत आलटून पालटून रात्रपाळी करणाऱ्यांनी आपली झोपण्याची वेळ यंत्र बांधणाऱ्याला आवर्जून सांगावी, नाहीतर यंत्र दिवसाला रात्र समजून हिशेब करते.

पहिल्या वेळी दोन्ही हातांचा बीपी घ्यावा. दोन-चार मिलिमीटरचा फरक सर्वांनाच असतो. तो पुनःपुन्हा १० हून अधिक येत असेल तर पुढे नेहमी ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात वापरावा आणि डॉक्टरांना फरक सांगावा. २० च्या आसपास गेला तर कमी आकड्याच्या हाताकडे जाणारी धमनीच अरुंद झाल्याची शंका घेतात. घरच्या पट्ट्यावर, एक रुपयाही खर्च न करता, रक्तवाहिनीतील अडथळ्याची अशी चाहूल लागते आणि तरीही दोन्ही हात मोजलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

वरचा आणि खालचा आकडा यांतील वजाबाकीही लिहून ठेवावी. साठीपुढच्या माणसाचा बीपी १६८/७२ येतो तेव्हा ‘खालचा चांगला आहे ना, मग झाले’ असे घरचे म्हणतात. महाधमनी लवचीक असते तोवर ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगून धक्का सोसते आणि ठोक्यांच्या मध्ये आवळून दाब टिकवून धरते. ती ताठर झाली की वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. फरक सातत्याने ६० हून अधिक असणे हे या ताठरपणाचेच लक्षण असते आणि तिथे खालच्या आकड्याचे कौतुक करण्यासारखे काही नसते.

टेप, पाऊल आणि काही अवघड प्रश्न

पॅन्टचे माप म्हणजे पोटाचा घेर नव्हे. चौतीसची पॅन्ट पोटाखाली बांधणाऱ्या गृहस्थाचा घेर प्रत्यक्षात ९८ सेंटिमीटर भरतो, हे मी आमच्या सोसायटीत एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कडा यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, टेप जमिनीला समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजावे. पोट आत ओढू नये. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजनाचा काटा इथे दगा देतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले होते : दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाने ‘मला कसला धोका’ असे म्हणण्यापूर्वी ते छायाचित्र पाहावे.

मग मोजे काढावेत. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या ताणलेल्या स्नायुबंधाच्या किंचित बाहेर, आणि आतल्या घोट्याच्या मागे अशा दोन ठिकाणी नाडी लागते. बोटांची टोके हलकेच ठेवावीत, दाबल्यास नाडी हरवते. वरची नाडी काही निरोगी लोकांत जन्मतःच लागत नाही, पण घोट्यामागची लागत नसेल किंवा दोन पायांत ठळक फरक असेल तर ते लिहून ठेवावे. ठाणे स्थानकाचा पूल चढताना किंवा उपवनला फेरी मारताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते, दोन मिनिटे थांबले की मोकळी होते आणि तेवढेच चालल्यावर पुन्हा भरते, हे दुखणे वयाचे किंवा गुडघ्याचे म्हणून सोडू नये. पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याची ती जवळजवळ पाठ्यपुस्तकातली खूण आहे, आणि जिथे पायाच्या धमन्या बिघडलेल्या असतात तिथे हृदयाच्याही बिघडलेल्या असण्याची शक्यता मोठी असते.

काही प्रश्न आपल्याकडे विचारले जात नाहीत. पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता कमी होणे हे अनेकदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते, कारण तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्यांच्यातला बिघाड आधी जाणवतो; ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची असते, जाहिरातीतल्या वैद्यांना नव्हे. स्त्रियांनी गरोदरपणात बीपी वाढला होता का आणि पाळी चाळिशीच्या आत गेली का, हे सांगावे. अमेरिकेच्या २०१८ सालच्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेत या दोन्ही गोष्टी, तसेच दक्षिण आशियाई वंश, धोका वाढवणारे घटक म्हणून नोंदलेले आहेत. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तोही. मिश्री आणि गुटखा हेही तंबाखूच. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला आढळला.

आकडे एकत्र कसे वाचावेत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुधारलेले धोक्याचे तक्ते यासाठी वापरावेत. त्यांत दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. तो ४० ते ७४ वयासाठी असून वय, लिंग, धूम्रपान, वरचा बीपी, मधुमेह आणि एकूण कोलेस्टेरॉल यांवरून येत्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची टक्केवारी देतो. आपले कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये छापलेले असते आणि तक्त्यात मिलिमोल असतात, म्हणून आकड्याला ३८.७ ने भागावे. २०० चे साधारण ५.२ होतात. रक्त तपासलेले नसेल तर बीएमआयवर चालणारा दुसरा तक्ता आहे. हिरवा रंग पाच टक्क्यांच्या आत, पिवळा पाच ते दहा, नारिंगी दहा ते वीस आणि त्यापुढे लाल छटा. घरातला इतिहास, मिश्री, पोटाचा घेर यांना या तक्त्यात जागा नाही. त्यामुळे सीमेवरच्या माणसाने स्वतःला वरच्या रंगात धरून डॉक्टरांशी बोललेले बरे.

एक सुई मात्र चुकत नाही. उपाशीपोटी कोलेस्टेरॉलचे सर्व घटक, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि, ज्यांच्या घरात लवकर झटके आले आहेत त्यांनी, लिपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) हे रक्तातून पाहावे. शेवटचे प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असल्याने आयुष्यात एकदा पाहिले तरी पुरते आणि ५० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास ते धोक्याचे मानतात. मधुमेह किंवा बीपी असणाऱ्यांनी लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तरही तपासावे : ३० च्या पुढे गेलेला आकडा मूत्रपिंडाच्या केसासारख्या बारीक वाहिन्या झिरपू लागल्याचे सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासून घेताना तर रक्तवाहिन्या थेट नजरेने दिसतात, आणि त्याची नोंद हृदयाच्या फायलीत लावावी हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

घोट्याचा बीपी

पायांत लक्षण असेल, मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल किंवा वय ६५ च्या पुढे असेल तर घोटा आणि दंड यांच्या बीपीचे गुणोत्तर पाहण्यासारखे असते. यंत्र साधे, धमनीतल्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारे हातातले डॉपलर. माझ्या मावशींसोबत मी वाशीला या तपासणीला गेलो होतो. त्यांना दहा मिनिटे उताणे निजवले, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर पट्टे बांधले, पावलावर थंड जेल लावले आणि पेनासारखी कांडी तिरपी टेकवली. उजव्या पावलातून ऐकू आला तो तीन पदरांचा आवाज : आधी जोरकस, मग उलटा हलका, मग पुन्हा पुसट. डाव्या पावलातून नुसता एकसुरी, ओढल्यासारखा ‘हूश्श’. आकडे यायच्या आधीच तंत्रज्ञाने डावीकडे पाहून मान हलवली होती.

हिशेब असा करतात. मावशींच्या उजव्या दंडाचा वरचा बीपी १३८ आणि डाव्याचा १३० होता; यांतला मोठा, म्हणजे १३८, दोन्ही पायांसाठी छेद म्हणून घेतात. उजव्या घोट्याच्या दोन धमन्यांत १४२ आणि १४८ होते, त्यांतला मोठा १४८, भागाकार १.०७. डावीकडे ११० आणि १०६, म्हणून ११० भागिले १३८, अर्थात ०.८०. १.०० ते १.४० हे ठीक, ०.९१ ते ०.९९ सीमेवरचे आणि ०.९० किंवा त्याखालचे गुणोत्तर पायाच्या धमनीतील अडथळा दाखवते. १.४० च्या वरचा आकडा पाहून खूश होऊ नये. जुन्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात घोट्याच्या धमन्यांत चुना भरतो, पट्ट्याने त्या दबतच नाहीत आणि आकडा खोटाच फुगतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा बीपी घेऊन गुणोत्तर काढावे लागते आणि तिथे ०.७० ही रेषा असते.

ताठरपणाची यंत्रे

नाडीच्या लाटेचा वेग मोजण्याची तपासणी काही हृदयरोग केंद्रांत होते. इथे वेग रक्ताचा नसून दाबाच्या लाटेचा असतो : सायकलच्या मऊ ट्यूबमधून लाट रेंगाळत जाते आणि लोखंडी नळातून झपाट्याने. मानेतील आणि जांघेतील नाडीवर संवेदक ठेवून दोन ठिकाणच्या लाटांमधला वेळ मोजतात आणि शरीरावर टेपने घेतलेल्या अंतराच्या ०.८ पट अंतराला त्या वेळेने भागतात. अंतर ६२ सेंटिमीटर आणि वेळ ५० मिलिसेकंद असेल तर वेग सेकंदाला ९.९ मीटर येतो. १० च्या पुढे गेलेला वेग ताठर महाधमनीचा समजतात. वय आणि त्या क्षणीचा बीपी यांच्यासोबत हा आकडा बदलतो. म्हणून ज्या अहवालात वेगाशेजारी बीपी लिहिलेला नाही तो अपुरा. चारही हातापायांना पट्टे बांधणाऱ्या यंत्रांत दंड ते घोटा असा वेग निघतो, तो याहून मोठाच असतो आणि त्याला १० ची रेषा लावता येत नाही. ही गल्लत झाली की उगाच घाबरगुंडी उडते.

बोटाला चिमटा लावून ‘रक्तवाहिन्यांचे वय’ छापणारे यंत्र प्रकाशाच्या साह्याने बोटातील रक्ताच्या चढउताराचा आकार पाहते आणि त्यावरून ताठरपणाचा अंदाज बांधते. कल्पना खोटी नाही, पण गार बोटे, चहा, सिगारेट, धावपळ आणि अनियमित नाडी यांनी तो आकार बदलतो, आणि तेवढ्या एका कागदावर गोळी सुरू किंवा बंद करू नये. त्याच टेबलावर चिलेशनच्या, म्हणजे धमन्या साफ करण्याचा दावा करणाऱ्या औषधी सलाइनचे पॅकेज सुचवले तर उठावे. आधी झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले, त्यांत या उपचाराने पुढचे झटके किंवा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

अस्तराची चाचणी सुरेख आहे, पण ती प्रयोगशाळेतली. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटे रक्त अडवतात, मग सोडतात आणि दंडाची धमनी किती टक्के पसरते ते सोनोग्राफीवर पाहतात. हे पसरणे ज्या नायट्रिक ऑक्साइडमुळे होते त्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. रुग्णाच्या दैनंदिन निर्णयासाठी मात्र ती कोणी करत नाही आणि करून घेण्याची गरजही नाही.

मानेची सोनोग्राफी आणि कॅल्शियम स्कोअर

मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजली जाते, म्हणजे तंत्रज्ञाचा हात थोडा हलला तरी आकडा हलतो. अमेरिकी हृदयरोग संस्थांनी २०१३ साली ही जाडी सरसकट मोजू नये असे सुचवले. त्याच तपासणीत प्लाक दिसतो का, म्हणजे एखाद्या ठिकाणी भिंत १.५ मिलिमीटरहून जाड झाली आहे का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. अहवालात तो शब्द शोधावा.

तक्त्यात पिवळ्या-नारिंगी रंगात अडकलेल्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नाही याबद्दल मन दोलायमान असलेल्या माणसासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती हृदयाच्या धमन्यांतला चुना मोजणारी कॅल्शियम स्कोअरची सीटी तपासणी. आर्थर अगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली तिची मोजपद्धत मांडली. छातीला ईसीजीच्या तारा लावतात, काही सेकंद श्वास रोखायला सांगतात, इंजेक्शन नसते आणि किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याहून कमी. शून्य आले आणि मधुमेह, धूम्रपान किंवा घरात लवकर आलेला झटका यांपैकी काही नसेल तर डॉक्टर गोळी पुढे ढकलू शकतात. १ ते ९९ म्हणजे थर आहेत; पंचेचाळिशीच्या माणसाला हे वयाच्या मानाने जास्तच. १०० किंवा पुढे गेल्यास गोळीबद्दलचा वाद बहुधा मिटतो, ४०० च्या पुढे धोका स्पष्ट मोठा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चुना हा जुन्या थरात भरतो. तरुण, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मऊ थरात तो नसतोच, त्यामुळे पस्तिशीतल्या शून्यावर निर्धास्त होता येत नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर थर घट्ट होताना स्कोअर वाढू शकतो, म्हणून गोळीचा गुण पाहण्यासाठी ही तपासणी पुन्हा करू नये. छातीत दुखत असेल तर ही तपासणी चुकीची; तेव्हा रंगद्रव्य टोचून केलेली सीटी अँजिओग्राफी किंवा डॉक्टर सुचवतील ते.

ईसीजी, एको आणि टीएमटी

बहुतेक पॅकेजांत हीच तीन नावे असतात आणि गैरसमजही यांच्याविषयीच सर्वांत पक्के आहेत. विश्रांतीतला ईसीजी त्या काही सेकंदांचा विद्युत्-आलेख असतो. आधीचा झटका, ठोक्यांची अनियमितता, स्नायूची जाडी तो दाखवू शकतो, उद्याचा झटका दाखवत नाही. टू-डी एको हृदयाच्या झडपा आणि स्नायूंचे आकुंचन दाखवतो. ‘एको नॉर्मल, म्हणजे ब्लॉकेज नाही’ हे म्हणणे म्हणजे पंप चालतो आहे म्हणून पाइप स्वच्छ आहेत असे म्हणण्यासारखे आहे. टीएमटीत माणसाला सरकत्या पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी त्या पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात आणि २२० वजा वय या ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतात. मार्ग बराच अरुंद असेल तरच तिचा निकाल बोलतो, शिवाय काहीच त्रास नसलेल्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, ती खोटीच दोषी ठरण्याचे प्रमाण बरेच असते आणि मग पुढच्या, खऱ्या सुईच्या अँजिओग्राफीचा रस्ता विनाकारण धरला जातो. तिचा एक उपयोग मात्र दुर्लक्षित राहतो : माणूस किती मिनिटे चालला, धाप किती लागली आणि बीपी किती चढला हे अहवालाच्या तळाशी असते, आणि ते वाचावे.

फाइल घेऊन जाताना

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचा बीपी आणि साखर सरकारी कार्यक्रमाखाली विनामूल्य पाहिली जाते. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा फॉर्म भरतात तो यासाठीच असतो, त्यांना दारातून परत पाठवू नये. पुढील तपासण्यांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय येथे आधी चौकशी करावी, मग खासगीकडे वळावे. तपासणी ठरवण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : हिचा निकाल वाईट आला तर आपण काय बदलणार आहोत, आणि चांगला आला तर काय? दोन्ही उत्तरे सारखीच असतील तर ती तपासणी करू नये.

फायलीत पहिल्या पानावर सात दिवसांची बीपीची वही, दोन्ही हातांतला फरक, पोटाचा घेर, पायांच्या नाड्या, तंबाखू, घरातल्या झटक्यांची वये आणि चालू गोळ्या एवढे असावे. चकचकीत अहवाल त्यामागे लावावेत. बीपी चांगला असला तरी वर्षातून एकदा तो आठवडाभर लिहावा, पोटाचा घेर सहा महिन्यांनी, कोलेस्टेरॉल आणि साखर डॉक्टर सांगतील त्या अंतराने. कॅल्शियम स्कोअर शून्य असेल तर साधारण पाच वर्षे त्याकडे पाहू नये. मावशींची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. पोटरी भरून येण्याआधी त्या किती पावले चालल्या हेही त्या तिच्यात लिहितात, आणि गेल्या महिन्यात तो आकडा चारशेवरून साडेसहाशेवर गेलेला होता.